तार कुणाची, तक्रार कुणाकडे?

घरात नेट घ्यायचं ठरलं की संकेश्वरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एमबीपीएस? दुसराही ठरलेला: महिन्याला किती पडतात? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि वर्षभराचा मनस्ताप नेमका त्यातून होतो. बंद पडलं तर येणार कोण, किती वेळात, आणि कुणीच नाही आलं तर आपण कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? लहान गावात इंटरनेटची निवड या तिसऱ्या प्रश्नावरून व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे. पुढचं म्हणणं असं की हा प्रश्न एकेकट्या घराला सुटणारा नाही. तो गावाने मिळून सोडवायचा आहे, आणि संकेश्वरच्या ज्या हुक्केरी तालुक्याने 1969 मध्ये स्वतःची वीज संस्था उभी केली, त्याला ही गोष्ट परक्या मुलखातून शिकून यायची गरज नाही.

संकेश्वर काही आडबाजूचं गाव नव्हे. पुणे-बेंगळुरू हमरस्ता इथून जातो, महाराष्ट्रातलं गडहिंग्लज हाकेच्या अंतरावर आहे. मिरचीची पेठ आहे, साखर कारखाना आहे, करवीर-संकेश्वर पीठामुळे गावाचं नाव दूरवर माहीत आहे. पण शहराला जे आपोआप मिळतं ते अशा मधल्या गावाला मागून घ्यावं लागतं. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-बेंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि नेट ही चैन उरली नाही. आज जमिनीचा उतारा कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’वरून निघतो, सीईटीचं समुपदेशन ऑनलाइन होतं, भाजीवाल्याच्या गाड्यावरही क्यूआर कोड लटकतो. अशा वेळी दोन दिवस नेट गेलं तर घरातलं निम्मं कामकाज ठप्प होतं.

आता पर्याय बघू. लहान गावातल्या घरापुढे आज साधारण चार वाटा असतात. पहिली गावातल्या केबलवाल्याची. त्याच्याकडे टीव्हीच्या केबलचं जाळं होतंच, त्यावर त्याने फायबर चढवली आणि कुठल्या तरी परवानाधारक कंपनीची बँडविड्थ घेऊन घरोघर दिली. दुसरी बीएसएनएलची, जिथे पुष्कळदा शेवटच्या टप्प्याचं काम स्थानिक भागीदारच करतो. तिसरी जिओ, एअरटेलसारख्या मोठ्या खासगी कंपन्यांची फायबर. चौथी हवेतून येणारी: गच्चीवर डबा बसवायचा आणि टॉवरवरचं 5जी घरात वायफाय करून वापरायचं. जिओ एअरफायबर 2023 च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं ते हेच. पाचवी म्हणावी तर उपग्रहाची. स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला तो 2025 मध्ये. पण ज्या गावात खांबावरून वायर घरात येऊ शकते, तिथे आकाशाकडे बघण्याचं कारण नाही.

कागदावर या पर्यायांची तुलना सोपी दिसते. जिओच्या फायबरचा सर्वांत स्वस्त प्लॅन 399 रुपयांचा, 30 एमबीपीएसचा. एअरफायबर सुरू झालं तेव्हा तेवढ्याच वेगाला 599 रुपये पडत होते, अर्थात त्यात टीव्हीच्या वाहिन्याबिहिन्या धरून. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हातात येणारं बिल 471 आणि 707 च्या घरात. जाहिरातीत दोन्हींना ‘अनलिमिटेड’च म्हणतात, पण फायबरची मर्यादा महिन्याला 3,300 जीबी आणि एअरफायबरची 1,000 जीबी, पुढे वेग उतरतो. साध्या घराला दोन्ही पुरतं. तरीही फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण हवेतला वेग टॉवरखालच्या सगळ्या मोबाइलांशी वाटून घ्यावा लागतो. जत्रेच्या दिवशी गावात पाहुणे आले की त्यांचे फोनही त्याच रांगेत उभे असतात. मळ्यातल्या घराला मात्र, जिथे खांबच पोचलेला नाही, तिथे एअरफायबरसारखी सोय नाही, हेही तितकंच खरं.

मग एमबीपीएसचा आकडा किती खरा मानायचा? घरोघरच्या फायबरसाठी आपल्याकडे जे जीपॉन तंत्र वापरतात, त्यात एका पोर्टमधून घरांकडे येणारा एकूण वेग सुमारे अडीच गीगाबिट असतो. तो स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीतून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. 64 घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताण दिला तर प्रत्येकाच्या वाट्याला 40 सुद्धा येत नाहीत, मग प्लॅन शंभराचा असो की तीनशेचा. सगळे एकदम ताण देत नाहीत म्हणून हे चालतं, आणि ते चालणं गैरही नाही. खरी अडचण त्याच्याही मागे असते: हे पोर्ट असलेल्या गावातल्या यंत्राला बेळगावहून किंवा कोल्हापूरहून येणारी जी मुख्य लाईन असते, तिच्यावर किती बँडविड्थ विकत घेतली आहे? गिऱ्हाईक वाढलं आणि मागची खरेदी तेवढीच राहिली, की रात्री आठ ते दहा सगळं गाव गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतं. हा आकडा कुठलीही जाहिरात सांगत नाही. सरकारी व्याख्येचाही इथे आधार नाही. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं, 2023 च्या जानेवारीत ती किमान मर्यादा 2 एमबीपीएस झाली. दोन एमबीपीएसवर आज एक व्हिडिओ कॉल धड चालायची मारामार.

म्हणून वेगाचा वाद बाजूला ठेवून बिघाडाकडे यावं. राऊटरवरचा ‘एलओएस’चा दिवा लाल झाला की गावात म्हणतात, लाल लाईट लागली. याचा अर्थ काचेतून येणारा उजेड घरापर्यंत पोचत नाही. कुठे तरी माकडाने वायर ओढलेली असते, कुठे ऊस भरलेल्या ट्रॉलीत अडकून ती तुटलेली असते, नाही तर हमरस्त्याच्या सहापदरीकरणात जेसीबीचा दात लागलेला असतो. खोदण्याआधी कळवा म्हणून केंद्र सरकारने 2023 च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आणलं, ते त्याचसाठी. दुरुस्ती बघण्यासारखी असते. पोरगा काळं आवरण सोलतो, आत केसाएवढी काच. दोन्ही टोकं कापून, पुसून स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतो. बोटभर पडद्यावर ती समोरासमोर येतात, बारीक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. मग उजेड मोजायचा मीटर लावायचा. उणे 20 च्या आसपास आकडा आला तर बेस, उणे 28 च्या पलीकडे गेला तर पुन्हा सगळं उलगडा. हातसफाई असेल तर काम काही मिनिटांचं. मशीन आणि माणूस तुमच्या खांबाखाली कधी उभे राहतात, प्रश्न तेवढाच असतो.

इथे गावच्या केबलवाल्याची बाजू वरचढ. “अण्णा, कालपासून लाल लाईट लागलीय.” “बघतो की काकू, दुपारी पोरगा पाठवतो.” एवढ्या संवादात तक्रार नोंदवून होते. त्याला काकूंचं घर माहीत असतं, काकूंच्या सुनेचं ऑनलाइन काम माहीत असतं, आणि तो कन्नड बोलतो तसाच मराठीही बोलतो. कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला की कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. घरात मराठी बोलणाऱ्या म्हातारीने काय दाबायचं? टेलिकॉमच्या नकाशात हा भाग कर्नाटक सर्कल आणि गडहिंग्लज महाराष्ट्र सर्कल. इंटरनेटचे परवानेही देशभराचे, एका सर्कलपुरते किंवा त्याहून लहान क्षेत्रापुरते, असे तीन प्रकारचे. नुसता महाराष्ट्र सर्कलचा परवाना असलेला गडहिंग्लजचा व्यावसायिक संकेश्वरात वायर टाकू शकत नाही. माणसांची लग्नं, बाजार, दवाखाने सीमा ओलांडून रोज चालतात, पण नेटला सीमा लागते.

पण केबलवाल्याची ही आपुलकी माणसाच्या स्वभावावर उभी आहे, हक्कावर उभी नाही. अण्णा चांगले आहेत तोवर ठीक. एका गल्लीत एकाचीच वायर असेल आणि त्याचं दुसऱ्या केबलवाल्याशी बिनसलं, किंवा मागच्या कंपनीचे पैसे थकले, तर गिऱ्हाईक काय करणार? अनेक घरांचं कनेक्शन केबलवाल्याच्या वहीत असतं, कंपनीच्या बिलावर नसतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2024 च्या नियमांप्रमाणे घरच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दूर झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची असते. वहीतल्या गिऱ्हाइकाला ती कोण देणार? उलट मोठ्या कंपनीकडे बिल असतं, तिकीट क्रमांक असतो, नियम लागू पडतात, पण माणूस नसतो. एका बाजूला चेहरा आहे आणि कागद नाही, दुसऱ्या बाजूला कागद आहे आणि चेहरा नाही. प्लॅनची तुलना करत बसणाऱ्या गावाला या दोन अपूर्ण सेवांतली एक निवडावी लागते.

दोन्ही एकत्र मिळण्याची सोय याच तालुक्यात एकदा झाली होती, फक्त ती विजेची होती. 1969 मध्ये, ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं त्याच वर्षी, देशात पाच ठिकाणी सहकारी वीज संस्थांचा प्रयोग झाला: उत्तर प्रदेशात लखनौ, गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिला, महाराष्ट्रात मुळा-प्रवरा आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यात हुक्केरी. मदतीला अमेरिकेच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेचे जाणकार होते. संकेश्वरच्या हिरण्यकेशी साखर कारखान्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या अप्पणगौडा पाटलांचंच नाव हुक्केरीच्या वीज संस्थेशीही जोडलेलं आहे. ही संस्था स्वतः वीज तयार करत नाही. ती घाऊक विकत घेते, आपल्या खांबांवरून, आपल्या वायरमनच्या हातून सभासदांना पोचवते. बिल तिचं, वायरमन तिचा, आणि तक्रार ऐकली नाही तर निवडणुकीत जाब विचारायला संचालकही तिचेच.

इंटरनेटचंही काम याच जातीचं आहे. संकेश्वरात कुणी इंटरनेट तयार करत नाही. बाहेरून घाऊक घ्यायचं आणि खांबावरून घरात पोचवायचं. अमेरिकेत हे आधीच घडलं. तिथे 1930 च्या दशकाच्या मध्यावर दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती, कारण खासगी कंपन्यांना खेड्यात नफा दिसत नव्हता. 1936 च्या कायद्याने कर्ज मिळालं आणि शेतकऱ्यांनी सहकारी वीज संस्था काढल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक संस्था आता फायबरही देतात, कारण ऐंशी वर्षांनी तीच कंपन्यांची भाषा त्यांना पुन्हा ऐकू आली: तुमच्याकडे घरं विरळ, परवडत नाही. हुक्केरीला सहकारी वीज शिकवायला आलेल्यांच्या घरच्या संस्था पुढचा धडा गिरवून बसल्या, आपण मात्र पहिल्यावरच थांबलो.

सहकार म्हटलं की सगळं मंगल, असं मात्र कुणी मला ऐकवू नये, आणि मीही ऐकवणार नाही. त्याच पाचांपैकी मुळा-प्रवरा संस्थेचा शेवट काय झाला ते महाराष्ट्राला माहीत आहे. वीज मंडळाची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 मध्ये तिचं वीजवाटप महावितरणकडे गेलं. सभासदाला वसुलीची सक्ती नको, संचालकाला मतं हवीत, दोघांच्या सोयीत संस्था बुडते. आपल्या शेजारचंच दुसरं उदाहरण वारणेचं. 1998 मध्ये तात्यासाहेब कोरेंच्या वारणानगरात केंद्र, राज्य आणि सहकार यांनी मिळून 70 गावं संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प केला. देशभर गाजला. प्रत्यक्षात गावोगावच्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि वजनाच्या पावत्यांपुरता राहिला, आणि संगणक सांभाळणं इतकं जड गेलं की पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून दाखवलं. यंत्रं आली, पण ती बिघडल्यावर दुरुस्त करणारा हात आणि खर्च सोसणारी तिजोरी यांचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

सरकारी मार्गाचंही तसंच. भारतनेट योजनेची मंजुरी 2011 ची, नाव तेव्हा वेगळं होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिला 1,39,579 कोटींचा सुधारित आराखडा मिळाला. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचवायची हे तिचं मूळ उद्दिष्ट, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांना तिचा उपयोग, पण नगरपालिका असलेलं संकेश्वर तिच्या चौकटीबाहेर. केरळने स्वतःचं केफोन काढलं, तिथल्या वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर नेली. 2023 च्या जूनमध्ये उद्घाटन झालं. गरिबांच्या 20 लाख घरांना फुकट नेट देण्याची घोषणा होती, पहिल्या टप्प्यात संख्या ठरली 14,000. खांबांचा उपयोग करण्याची कल्पना बरोबर होती, फुकटाची घोषणा महागात पडली.

या सगळ्यांतून मला जे दिसतं ते असं: संस्थेने इंटरनेट विकण्याच्या भानगडीत पडू नये. तिने फक्त वाट सांभाळावी. खांबावरून घरापर्यंतची फायबर संस्थेची असावी, आणि ती फायबर बीएसएनएलला, खासगी कंपनीला, गावच्या केबलवाल्याला, सगळ्यांना एकाच दराने भाड्याने मिळावी. रस्ता नगरपालिकेचा आणि त्यावर एसटीपासून वडापपर्यंत सगळ्यांच्या गाड्या, तसं. मग काकूंना कंपनी बदलायची तर नवी वायर ओढावी लागणार नाही, आणि फायबर तुटली तर येणारा माणूस संस्थेचा असेल, त्याच्या हातात तक्रारीचा क्रमांक असेल आणि तोंडात मराठी-कन्नड दोन्ही. केबलवाल्याचं पोट यात मारलं जात नाही. उलट त्याला स्वतःच्या खिशातून वायर टाकण्याचा भार उरत नाही, आणि सेवेच्या जोरावर तो कंपन्यांशी बरोबरीने लढू शकतो. आज ज्याच्याकडे स्प्लायसिंग मशीन आणि हात दोन्ही आहेत, दुरुस्तीचं कंत्राट उद्या त्यालाच द्यावं लागेल.

कायद्यात याला वाट आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 51 प्रमाणे वितरण परवानाधारक वीज नियामक आयोगाला आधी कळवून आपल्या मालमत्तेच्या पुरेपूर वापरासाठी दुसरा व्यवसाय करू शकतो, आणि त्या उत्पन्नाचा काही भाग वीज वहनाचा दर कमी करायला वापरायचा असतो. म्हणजे खांबांवरच्या फायबरचं भाडं आलं तर त्याचा फायदा विजेच्या बिलात दिसायला हवा. अडचण एक आहे. टेलिकॉमचा युनिफाइड परवाना ज्या नियमांनी दिला जात आला, त्यांत अर्जदार कंपनी असावी लागते, सहकारी संस्था चालत नाही. त्यामुळे संस्थेला वेगळी कंपनी काढावी लागेल, आणि तिचे हिशेब विजेच्या हिशेबांपासून वेगळे ठेवावे लागतील. ही अडचण मला वरदानच वाटते. मुळा-प्रवरेचा धडा हाच आहे की थकबाकी लपायला जागा मिळाली की संस्था गेली. फायबरचं खातं वेगळं असेल तर वर्षाच्या शेवटी तोटा उघडा पडेल, आणि तो सवलतींच्या नावाखाली विजेत मिसळता येणार नाही.

हे व्हायला वर्षं लागतील. तोवर ज्यांना उद्याच कनेक्शन घ्यायचं आहे त्यांनी काय करावं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेग विचारू नये, मागच्या वेळी लाल लाईट लागली तेव्हा किती दिवस गेले ते विचारावं. रात्री नऊ वाजता एखाद्या घरी जाऊन फोनवर व्हिडिओ चालवून बघावा. बिल कंपनीच्या नावाने मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारावं, कारण तेच भरपाईचं दार आहे. वर्षाचे पैसे एकदम भरून महिन्याला पन्नास वाचवण्यापेक्षा महिन्याचे भरावेत, म्हणजे सोडून जाण्याची मुभा हातात राहते. लाईट गेल्यावरही नेट चालावं असं वाटत असेल तर राऊटरला छोटा बॅकअप लावावा. काचेला वीज लागत नाही, डब्याला लागते. आणि घरात पैशाचं काम नेटवरच चालत असेल तर फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचा मोबाइल डेटा ठेवावा. एकाच खांबावर सगळा संसार टांगू नये.

पण हे झालं घरापुरतं शहाणपण, आणि घरापुरत्या शहाणपणाने गावाची सौदा करण्याची ताकद वाढत नाही. हुक्केरीच्या वीज संस्थेची 2025 ची निवडणूक जिल्हाभर गाजली, मोठमोठी घराणी पणाला लागली. एवढ्या चुरशीत सभासदाच्या घरातल्या फायबरचा विषय निघायला काय हरकत होती? पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणी तो काढलाच, तर लगेच कोट्यवधींचा प्रकल्प मागू नये. पहिला ठराव साधा असावा: तालुक्यातल्या आपल्या खांबांवर आज कुणाकुणाच्या वायरी लटकतात, त्यांचं भाडं कोण भरतं, कोण भरत नाही, याची यादी महिनाभरात सभासदांसमोर ठेवा. ती यादी आली की कुणाशी, किती दराने आणि कुठल्या अटींवर बोलायचं, हे ठरवायला सभासदांच्या हाती काही तरी येईल.